जपानी तंत्रग्रंथांचे इंग्रजी रूपांतर : मानेसरच्या निमित्ताने काही विचार

भाषांतराचा विचार करताना मराठी समीक्षेची दृष्टी बहुधा ललित वाङ्मयावर खिळलेली असते. काव्याचे भाषांतर शक्य आहे की नाही, नाटकातील बोलीचे काय करावे, मूळ लेखकाच्या शैलीशी भाषांतरकाराने कितपत एकनिष्ठ राहावे, हे प्रश्न आपल्याकडे वारंवार चर्चिले गेले आहेत. परंतु ज्या भाषांतरावर माणसांचे हातपाय आणि यंत्रांची गती अवलंबून असते, त्या शास्त्रीय व तांत्रिक भाषांतराकडे समीक्षेने क्वचितच वळून पाहिले आहे. तेथे अर्थ निश्चित असतो, शब्द ठरलेले असतात, तेव्हा कोश जवळ असला की काम भागते, अशी एक समजूत त्यामागे असावी. ही समजूत किती अपुरी आहे, हे जपानी संगणकशास्त्रीय व यंत्रविषयक ग्रंथांच्या इंग्रजी रूपांतरांकडे पाहिले असता स्पष्ट होते.

या प्रश्नाला भारतात एक मूर्त स्थान आहे. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या पायथ्याशी, हरियाणातील मानेसर ही औद्योगिक वसाहत आहे. मारुती उद्योग या कंपनीची स्थापना १९८१ साली झाली. पुढल्याच वर्षी जपानच्या सुझुकी कंपनीशी तिचा करार झाला आणि १९८३ च्या डिसेंबरात गुरगावच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. पुढे होंडा कंपनीच्या स्कूटरी २००१ पासून मानेसरला तयार होऊ लागल्या, आणि २००७ साली मारुतीच्या तेथील कारखान्याचे उद्घाटन झाले. त्याच महामार्गावर आणखी पुढे, राजस्थानातील नीमराणा येथे, खास जपानी कंपन्यांसाठी औद्योगिक क्षेत्र राखून ठेवण्यात आले. यंत्रांबरोबर पुस्तके येतात : यंत्र चालविण्याच्या सूचना, यंत्रमानवाला हालचाल शिकविण्याच्या आज्ञावली, त्या आज्ञावलींवरील टीपा, दुरुस्तीचे तक्ते. मूळ भाषा जपानी, कामगाराची भाषा हिंदी वा हरियाणवी, आणि या दोहोंमध्ये उभी असलेली भाषा इंग्रजी. म्हणजे जपानी मजकूर येथे एकदा नव्हे, दोनदा भाषांतरित होतो; आणि दुसऱ्या भाषांतराला पहिल्यातील चुका सुधारण्याचे कोणतेच साधन नसते.

२

गंमत अशी की, जपानची आधुनिक शास्त्रीय भाषाच मुळी अशा दुहेरी भाषांतरातून जन्मली. १७७४ साली प्रसिद्ध झालेला ‘काइताइ शिन्शो’ हा शरीररचनेवरील ग्रंथ सुगिता गेन्पाकु, माएनो ऱ्योताकु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच भाषेवरून जपानात आणला. आणि ते डच पुस्तक स्वतः कुल्मुस या जर्मन पंडिताच्या ग्रंथाचे भाषांतर होते. या मंडळींपाशी पुरेसा कोश नव्हता, शिक्षक नव्हता. तरीही त्यांनी आपल्या कामाची पद्धती ग्रंथाच्या आरंभीच नोंदवून ठेवली. त्यांनी भाषांतराचे तीन प्रकार मानले. ज्या वस्तूला आपल्या भाषेत शब्द आहेच, तिथे तो वापरणे हा पहिला प्रकार, ‘होन्याकु’; उदाहरणार्थ, हाड. ज्या वस्तूला शब्द नाही पण जिचा अर्थ उलगडतो, तिच्यासाठी अर्थावरून नवा शब्द घडविणे हा दुसरा, ‘गियाकु’; कूर्चेसाठी त्यांनी ‘मऊ हाड’ असा शब्द केला. आणि जेथे दोन्ही मार्ग खुंटतात तेथे परकी ध्वनीच आपल्या लिपीत उतरवून घेणे हा तिसरा, ‘चोकुयाकु’; शरीरातील ग्रंथींसाठी त्यांनी डच शब्दच चित्राक्षरांत लिहिला.

मराठीत बाळशास्त्री जांभेकरांच्या पिढीपासून शास्त्रीय परिभाषेचे जे प्रयत्न झाले आणि १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने ज्यांना शासकीय रूप दिले, त्यांच्या मुळाशीही याच तीन वाटा आहेत. फरक इतकाच की, आपण बहुधा दुसऱ्या वाटेचा अभिमान धरला आणि तिसरीची लाज बाळगली. जपानने तिन्ही वाटा एकाच वाक्यात सुखाने नांदविल्या. आणि नेमके तेच आज इंग्रजी भाषांतरकारापुढचे पहिले संकट होऊन बसले आहे.

३

संगणकाच्या आज्ञावलीविषयीचे कोणतेही जपानी पुस्तक उघडले तर त्याच्या एका पानावर चार भाषिक थर दिसतात. निवेदन जपानी वाक्यरचनेत असते. गणिती व तार्किक संज्ञा चित्राक्षरांत असतात. अनेक नवे शब्द काताकाना लिपीत उतरवलेले इंग्रजी असतात. आणि प्रत्यक्ष आज्ञावली रोमन लिपीत असते. वरवर पाहता या चौथ्या थराचे, आणि तिसऱ्याचेही, भाषांतर करावेच लागू नये. पण फसगत तेथेच होते.

काताकानातील इंग्रजी हे इंग्रजी राहिलेले नसते. जपानी अभियंता ‘देगुरे’ म्हणतो तेव्हा त्याचा उगम इंग्रजीतील ‘डीग्रेड’ या शब्दात असतो. पण त्याला म्हणायचे असते ते हे की, नवी दुरुस्ती करताना पूर्वी नीट चालणारा भाग बिघडला. इंग्रजीत या दोषाला ‘रिग्रेशन’ म्हणतात. भाषांतरकाराने ‘देगुरे’ उलटा इंग्रजीत नेला, तर वाचकाला यंत्राची गुणवत्ता हळूहळू घसरते आहे असे वाटेल. प्रत्यक्षात कोणाची तरी कालची दुरुस्ती चुकलेली असते. ‘कुरेमु’ हा शब्द ‘क्लेम’वरून आला, पण त्याचा अर्थ दावा नव्हे, गिऱ्हाइकाची तक्रार. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. परका शब्द घरात आला की घरच्या चालीने वागू लागतो. त्याला पुन्हा माहेरी पाठवले तर तेथे त्याला कोणी ओळखत नाही.

चित्राक्षरांतील संज्ञांची गोष्ट वेगळी आहे. तेथे शब्दामागे एक चित्र उभे असते. गणितातील ज्या संकल्पनेला इंग्रजीत ‘फंक्शन’ म्हणतात, तिच्यासाठी चिनी पंडितांनी एकोणिसाव्या शतकात केलेला शब्द जपानने घेतला. त्यातील पहिल्या चित्राक्षराचा एक अर्थ ‘पेटी’ असा आहे. १९४६ साली जपानने रोजच्या वापरातील चित्राक्षरांची मर्यादित यादी केली. तीत हे चित्राक्षर नव्हते, म्हणून त्याच उच्चाराचे, परंतु ‘संबंध’ असा अर्थ असलेले दुसरे चित्राक्षर पुढे रूढ झाले. ‘कान्सू’ हा उच्चार तोच राहिला, पण पेटीच्या जागी नाते आले. मराठी परिभाषेने याच संकल्पनेला ‘फलन’ म्हटले, म्हणजे फळाची, परिणामाची कल्पना पुढे केली. इंग्रजी शब्दात कार्याची छटा आहे. जो जपानी ग्रंथकार विद्यार्थ्याला ‘कान्सू’ समजावताना जुन्या पेटीचे चित्र काढतो, त्याच्या स्पष्टीकरणातला दुवा इंग्रजीत निखळतो. आकृती राहते, आकृतीचे कारण राहत नाही.

चौथा थर रोमन लिपीतला. पण त्यातही जपान शिरलेला असतोच. १९६९ सालच्या जपानी वर्णसंकेतात, अमेरिकी संकेतात जेथे उलट्या बाजूची तिरकी रेघ होती, त्या क्रमांकावर येनचे चिन्ह बसविण्यात आले. आज्ञावलीत त्या रेघेला विशेष कार्य आहे. म्हणून जपानी पुस्तकांत त्या कार्याच्या जागी येनचे चिन्ह छापलेले आढळते. ते जसेच्या तसे ठेवणारा भाषांतरकार आज्ञावली निकामी करतो, आणि ते पैशाचे चिन्ह समजणारा तिला हास्यास्पद करतो. पुढे जपानी अक्षरांसाठी जो संकेत सर्वत्र रूढ झाला, त्यात ‘तक्ता’ या अर्थाच्या ‘ह्यो’ या चित्राक्षराचा दुसरा अर्धा भाग नेमका याच रेघेच्या क्रमांकाचा आला. त्यामुळे एक साधा रोजचा शब्द आज्ञावलीत आला की यंत्राचा वाचनक्रम बिघडे. जपानी लेखक या अडचणीवर पानेच्या पाने खर्च करतात. इंग्रजी वाचकाला ती अडचण कधी आलेलीच नसते. ती पाने ठेवावीत की गाळावीत? हा निर्णय कोशाचा नाही, संपादकीय विवेकाचा आहे.

४

शब्दांहून अधिक कठीण प्रश्न वाक्याचा आहे. येथे मराठी भाषिकाचे स्थान विशेष आहे. जपानीप्रमाणे मराठीतही क्रियापद शेवटी येते. विभक्तीचे काम नामामागून येणारे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात. ‘काल दुरुस्त केलेले यंत्र’ यासारखी लांबलचक विशेषणे नामाच्या आधी निमूटपणे उभी राहतात. कर्ता अध्याहृत ठेवून ‘कळ दाबावी, दिवा लागेपर्यंत थांबावे’ असे बोलणे दोन्ही भाषांना सहज वाटते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा लाभ आयताच मिळतो. तो जपानी वाक्य शेवटापासून उलटे सोडवीत बसत नाही. ते त्याला सरळच वाचता येते. त्याची खरी परीक्षा इंग्रजी लिहिताना होते. इंग्रजी कर्त्याशिवाय हलत नाही, आणि नामापूर्वी ते एक की अनेक, ठरलेले की कोणतेही, हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

‘माहिती तपासल्यानंतर साठवणे’ अशा आशयाचे एक सामान्य वाक्य घ्यावे. जपानीत ‘काकुनिन-गो, होझोन सुरू’ एवढ्यावर ते संपते. तपासणारा कोण? माणूस की आज्ञावली? मूळ वाक्य हे सांगत नाही. जपानी वाचक संदर्भाने समजून घेतो. इंग्रजी भाषांतरकाराला मात्र निवड करावीच लागते. मराठीलाही येथे पूर्ण सुटका नाही : ‘साठवावी’ म्हटले तर माणूस, ‘साठवली जाते’ म्हटले तर यंत्र. आता, मूळ लेखकाच्या मनात माणसाने डोळ्यांनी पाहावे असे असेल, आणि भाषांतरात ते काम यंत्राकडे गेले, तर कारखान्यात त्या क्षणी कोणीच पाहणार नाही. वाक्य व्याकरणशुद्ध असेल, वाचायला सुबक असेल, आणि एक माणूस त्यातून नाहीसा झालेला असेल.

तीच गोष्ट मर्यादादर्शक शब्दांची. जपानीत ‘इका’ म्हणजे ती संख्या धरून खालचे, आणि ‘मिमान’ म्हणजे ती संख्या वगळून खालचे. दोहोंसाठी इंग्रजीत एकच ‘खाली’ या अर्थाचा शब्द टाकण्याचा मोह होतो. मराठीत ‘दहापर्यंत’ आणि ‘दहाच्या आत’ यांतील भेद बोलताना आपण सैल ठेवतो. पण दहा वेळा करावयाची क्रिया नऊ वेळा झाली, किंवा साठ अंशांवर थांबावयाची भट्टी एकसष्टाव्या अंशावर थांबली, तर तो सैलपणा महाग पडतो. हा दोष एखाद्या अवघड पारिभाषिक शब्दाचा नाही. अत्यंत साध्या शब्दाचा आहे. तांत्रिक भाषांतरातील गंभीर चुका बहुधा अशाच साध्या शब्दांत दडलेल्या असतात, कारण तेथे भाषांतरकार कोश उघडत नाही.

५

या क्षेत्रातील प्रत्यक्ष ग्रंथांचा इतिहासही उद्बोधक आहे. शिंगो शिगेओ यांचे टोयोटाच्या उत्पादनपद्धतीवरील पुस्तक १९८१ साली जपानमधूनच इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ते इंग्रजी इतके दुर्बोध होते की, १९८९ साली अँड्र्यू डिलन यांच्याकडून त्याचे नव्याने भाषांतर करवून घेण्यात आले. विषय तोच, मूळ तेच. परंतु पहिल्या रूपांतरात जे कष्टाने शोधावे लागे ते दुसऱ्यात वाचता येऊ लागले. ज्यांना तांत्रिक भाषांतर हे यांत्रिक काम वाटते, त्यांनी या दोन प्रतींचा विचार करावा. ललित ग्रंथाचेच पुनर्भाषांतर होते असे नाही.

दुसरे उदाहरण ‘रुबी’ या संगणकभाषेचे. मात्सुमोतो युकिहिरो यांनी ती १९९५ साली जगापुढे ठेवली. जपानमध्ये तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९९९ साली निघाले. परंतु इंग्रजी वाचकाला तिची ओळख झाली ती मुख्यतः २००० साली डेव्ह थॉमस आणि अँड्र्यू हंट यांनी लिहिलेल्या स्वतंत्र ग्रंथामुळे. मात्सुमोतो यांचा स्वतःचा संदर्भग्रंथ २००१ साली इंग्रजीत भाषांतरित झाला, आणि आओकी मिनेरो यांनी २००२ साली त्या भाषेच्या अंतर्रचनेवर लिहिलेले विस्तृत विवेचन स्वयंसेवकांनी पुढे टप्प्याटप्प्याने इंग्रजीत आणले. येथे एक चमत्कारिक स्थिती दिसते. भाषेचा निर्माता जपानी, तिच्यातील आज्ञाशब्द इंग्रजी, आणि त्या आज्ञाशब्दांमागील विचार पुन्हा जपानी गद्यात सांगितलेला. भाषांतर न होता नवा ग्रंथ लिहिला गेला, हे येथे उपकारक ठरले. तथापि निर्मात्याने एखादी गोष्ट अशी का केली, याचे उत्तर मात्र मूळ जपानी लेखनातच शोधावे लागे.

६

कारखान्याच्या भाषेत तर भाषांतराचा प्रश्न थेट मूल्यविचारापर्यंत पोहोचतो. ‘जिदोका’ हा शब्द पाहावा. नेहमीच्या अर्थी तो ‘स्वयंचलन’ आहे. टोयोटा परंपरेत मात्र त्यातील ‘हलणे’ या अर्थाच्या चित्राक्षराला डावीकडे मनुष्यवाचक खूण जोडली जाते, आणि ‘हलणे’चे ‘काम करणे’ होते. तोयोदा साकिची यांनी सिद्ध केलेला माग धागा तुटला की आपोआप थांबे. यंत्राने नुसते हलत राहू नये, चूक ओळखून थांबावे, ही कल्पना त्या एका खुणेत सामावली आहे. उच्चारात हा भेद ऐकू येत नाही, तो फक्त डोळ्यांना दिसतो. इंग्रजीने त्यासाठी एक कृत्रिम जोडशब्द घडविला आणि खाली स्पष्टीकरण दिले. रोमन लिपीत आणि देवनागरीतही ती मनुष्याची खूण राहत नाही.

‘पोका-योके’ म्हणजे अनवधानाने होणारी चूक टाळण्याची योजना. पूर्वी हिला ‘बाका-योके’ म्हणत. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. त्या नावाने एका कामगार स्त्रीचे मन दुखावले, आणि १९६० च्या दशकात शिंगो यांनी तो शब्द बदलला. मूर्खापासून यंत्राला वाचविणे आणि चुकण्यापासून माणसाला वाचविणे, या दोन दृष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. इंग्रजी भाषांतरकार जेव्हा जुन्या सवयीने ‘मूर्खनिवारक’ अशा अर्थाचा शब्द लिहितो, तेव्हा तो नकळत शिंगो यांनी हेतुपूर्वक टाकून दिलेला अपमान परत आणतो.

आणि अखेरीस ते सुप्रसिद्ध पाच ‘स’कार : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. इंग्रजीनेही प्रत्येकासाठी त्याच आद्याक्षराचा शब्द शोधण्याचा हट्ट धरला. अनुप्रास साधला, अर्थ मात्र सरकला. पाचव्या शब्दाच्या जागी इंग्रजीत ‘टिकवून धरणे’ या अर्थाचे क्रियापद आले. ‘शित्सुके’ हा मूळचा घरातला शब्द आहे. मुलांना लहानपणी जी रीतभात शिकवली जाते ती शित्सुके. आणि कपडा पक्का शिवण्यापूर्वी त्याला आकार यावा म्हणून जो कच्चा दोरा घालतात, त्यालाही जपानीत तेच नाव आहे. मराठीत यासाठी शब्द शोधावा लागत नाही. ‘वळण’ हा तो शब्द होय. मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असते, हाताला वळण पडते. इंग्रजीच्या वाटेने आलेल्या मराठी वाचकाला ‘टिकवून धरा’ अशी आज्ञा मिळते. सरळ जपानीतून आला असता तर त्याला त्याच्या घरचाच शब्द भेटला असता.

असेच अनुकरणवाचक शब्दांचे. यंत्राचा भाग सैल होऊन हलू लागला की जपानी कामगार ‘गाता’ आला म्हणतो; ‘गातागाता’ हा खडखडण्याचा आवाज त्यामागे आहे. मराठी कारागीर भाग ‘खुळखुळतो’ किंवा ‘डुगडुगतो’ म्हणेल आणि दोघांना एकमेकांचे तत्काळ समजेल. इंग्रजीत मात्र सैलपणा, दातेरी चाकांमधील मोकळीक, जोडातील अंतर यांना वेगवेगळे शब्द आहेत. भाषांतरकाराला दोषाचे निदान आधी करावे लागते आणि शब्द नंतर मिळतो. ज्याने यंत्र पाहिले नाही, त्याला हा शब्द भाषांतरित करता येणार नाही.

७

या सर्वांवरून इंग्रजी मध्यस्थ नको, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. इंग्रजी कर्ता विचारते, एक की अनेक ते विचारते. त्यामुळे मूळातील संदिग्धता उघडी पडते आणि कर्तव्यदक्ष भाषांतरकार मूळ लेखकाला प्रश्न विचारू शकतो. कित्येकदा चांगल्या भाषांतराने मूळ ग्रंथातील त्रुटीच दाखवून दिलेली असते. दोष मध्यस्थाचा नाही. मध्यस्थाला मूळ समजण्याचा आहे. आज यंत्रेही भाषांतर करू लागल्यावर हा धोका वाढला आहे, कमी झालेला नाही. पूर्वीच्या अनघड इंग्रजीत निदान शंका येई; आता यंत्र गाळलेला कर्ता अंदाजाने भरते आणि वाक्य इतके ओघवते करते की, अंदाज केला गेला हेच वाचकाला कळत नाही.

म्हणून भाषांतरसमीक्षेने या क्षेत्रात तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. पहिली, तांत्रिक भाषांतरावर भाषांतरकाराचे नाव असावे. नावाबरोबर जबाबदारी येते आणि दोन भाषांतरांची तुलना शक्य होते. दुसरी, जेथे मूळ संदिग्ध आहे तेथे भाषांतरकाराने केलेली निवड टीपेत नोंदवावी. सुगिता गेन्पाकु यांनी आपली पद्धती आरंभीच सांगितली, ती रीत अनुकरणीय आहे. तिसरी, जपानीतून थेट मराठीत व हिंदीत येण्याची वाट, निदान सुरक्षिततेच्या सूचनांपुरती तरी, तयार व्हावी. हायकू मराठीत रुजला. किर्लोस्करवाडीसारखा कारखाना १९१० साली मराठी मुलुखात उभा राहिला, आणि किर्लोस्करांचेच नाव १९९७ साली टोयोटाच्या जोडीने कर्नाटकातील मोटार-कारखान्यावर लागले. काव्य आले, यंत्रे आली; त्या दोहोंमधले तांत्रिक गद्य मात्र अजून इंग्रजीच्या दारातूनच येते.

मानेसरच्या कारखान्यात यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला मूळ ग्रंथकाराचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि भाषांतरकाराचेही नाही. त्याला फक्त एवढे समजायला हवे की, तपासणी यंत्र करणार आहे की ती त्याने स्वतः करावयाची आहे. हे त्याला नीट समजले की नाही, या कसोटीवर ज्या भाषांतराची परीक्षा होते, त्याला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कोणतेही सबळ कारण दिसत नाही.